खारूच्या आईचे चौदा महिने

चष्मेवाल्याने वेबसाइट सुरू केली तेव्हा त्याची मुलगी तीन वर्षांची होती, आणि स्वतःची वेबसाइट असलेला माणूस म्हणजे एकतर इंजिनिअर नाहीतर रिकामटेकडा, असा लोकांचा समज होता. तो दोन्ही नव्हता. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, चष्मा नाकावर सरळ बसतोय का ते बघायचं, एवढाच त्याचा धंदा. गिऱ्हाइकांचे नंबर नोंदवायला म्हणून त्याने दुकानात कॉम्प्युटर घेतला. दुपारी दीड ते अडीच शटर अर्धं खाली ओढलं की डबा खाऊन उरलेला वेळ कसा काढायचा हा प्रश्न होताच. मग एका जाडजूड पुस्तकात बघून बघून, एकेक खूण टाइप करत तो वेबसाइटची पानं बनवायला शिकला.

पहिलं पान तयार झालं आणि त्यावर काय लिहावं तेच कळेना. आदल्या संध्याकाळी बायकोने मुलीच्या उशीचा अभ्रा झटकला होता आणि आतून अकरा बिस्किटं पडली होती. त्याने तेच लिहिलं. मुलीचं नाव लिहायला नको म्हणून तिला खारू म्हटलं, आणि वेबसाइटचं नाव ठेवलं ‘खारूचं घर’.

आधी नातेवाईक वाचायचे. मग नातेवाइकांचे शेजारी, मग कुठले कुठले लोक. बायको एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. रात्रीची भांडी झाली की ती त्याने छापून आणलेला कागद घेऊन बसे आणि लाल पेनाने वेलांट्या दुरुस्त करी. “लोकांना वाटेल खारूची आई अडाणी आहे,” असं म्हणे. पानांवर तीही ‘खारूची आई’ म्हणूनच असायची. ती फटकळ होती, आणि वाचणाऱ्यांना खारूपेक्षा तीच जास्त आवडायची.

मुलगी दहावीत गेली तेव्हा तिने सांगितलं, बाबा, आता माझ्याबद्दल लिहू नकोस. त्याने थांबवलं. वेबसाइट मात्र होती तशीच राहिली. दरवर्षी मुदत संपल्याची सूचना यायची, तो मुदत वाढवायचा आणि विसरून जायचा.

मुलगी आता सव्वीस वर्षांची होती, एका शाळेत गणित शिकवत होती आणि शाळेजवळच एका मैत्रिणीबरोबर राहत होती. एका शनिवारी दुपारी ती अर्ध्या शटरखालून वाकून दुकानात आली आणि पर्स काउंटरवर आपटून म्हणाली, “बाबा, ती वेबसाइट अजून आहे?”

“आहे.”

“का?”

त्याने तिला स्टूल दिलं.

“नववी ब ने शोधून काढलीय,” ती म्हणाली. “मंगळवारी वर्गात गेले तर फळ्यावर लिहिलेलं, मिस, उशीत आज किती बिस्किटं? मी हसले. काय करणार? बुधवारी एक जण उभी राहून विचारते, मिस, तुम्ही चौथीपर्यंत अंथरूण ओलं करत होतात ना? मी त्रिकोण शिकवत होते बाबा. हातात खडू.”

“तिसरीपर्यंत,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला उगाच बोललो असं वाटलं.

“काढून टाक,” ती म्हणाली. “सगळं.”

“बरं.”

येताना वाटेत तिने मुद्दे जुळवून आणले होते. लहान मुलाची परवानगी कोण घेतं, मी मोठी होणार होते हे तुला माहीत नव्हतं का, असे एकापेक्षा एक. ते सगळे तिच्या तोंडातच राहिले.

“तुला वाईट नाही वाटणार?”

त्याने खरोखरच शोधून पाहिलं, दुखऱ्या दाताकडे जीभ न्यावी तसं. “नाही,” तो म्हणाला. आणि ते खरं होतं. गेली कित्येक वर्षं त्याचं असंच चाललं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाला हात लागलेला कळतो, पण गाल आपला वाटत नाही, तसं. लोक त्याला शांत स्वभावाचा म्हणत.

“मग मी एकदा बघून घेते,” मुलगी म्हणाली. “काही फोटो हवेत मला. मग काढ.”

इथे त्याने तोंड उघडायला हवं होतं. फोटो मी काढून देतो, तू कशाला डोकं घालतेस, असं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला माहीत होतं. पण त्याच्या हातात कुणाचीतरी दूरच्या नंबरची काच होती आणि तिची कड अजून घासायची होती.

“बघ की,” तो म्हणाला.

ती शनिवारी शनिवारी येऊ लागली. आतल्या टेबलाशी बसायची, पहिल्या पानापासून तारखेने पुढे पुढे जायची. मधूनच हसायची. “बाबा, मी खरंच सोफ्याला पत्र लिहिलेलं?” तो काच घासायच्या यंत्रावरून मान न वळवता “हो” म्हणायचा. एकदा म्हणाली, “आई काय भारी बोलायची रे.” त्याने पुढची काच उचलली. दुसऱ्या शनिवारी ती खारूच्या सहाव्या वाढदिवसापर्यंत पोहोचली. तेव्हाही सांगता आलं असतं. त्या आठवड्यात त्याने सत्तावीस चष्मे पुरे केले, म्हणजे नेहमीपेक्षा नऊ जास्त.

तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, “इथून पुढे तुझं शुद्धलेखन किती बिघडलंय! ‘आणि’ची वेलांटी बघ. प्रत्येक पानावर चुकीची.”

त्याने यंत्र बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं.

“बाबा,” थोड्या वेळाने ती म्हणाली. तिचा आवाज अजून साधाच होता. “आई कधी गेली? तारीख.”

“अकरा मार्च. तू पहिलीत होतीस.”

“मग हे सप्टेंबरातलं कसं?”

तो उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर शाळेतला फोटो होता, दुसरीच्या वर्गाचा. मधल्या रांगेत खारू, कपाळावर केस पट्टी ठेवून कापल्यासारखे सरळ. खाली लिहिलं होतं की फोटोच्या आदल्या दिवशी खारूच्या आईने तिला बाल्कनीत स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि म्हणाली, हललीस तर कान जाईल, आणि एका कानावर चष्मा टिकत नाही, मग बाबाचं गिऱ्हाईक गेलं.

“हे मी लिहिलं,” तो म्हणाला.

“सगळं तूच लिहिलंयस.”

“म्हणजे ती नव्हती तेव्हा. केस मी कापले.”

मुलगी गणित शिकवायची. आई पहिलीत गेली हे तिला माहीत होतं, फोटो दुसरीतला हेही माहीत होतं. एवढी वर्षं तिने ही दोन वाक्यं एकाशेजारी एक ठेवली नव्हती, इतकंच.

“मला आठवतं ते,” ती म्हणाली. “बाबा, मला तिचे हात आठवतात. कात्री मानेला गार लागलेली आठवते.”

“कात्री खरी होती,” तो म्हणाला.

ते तसं का झालं होतं, हे सांगायला हवं. बायको डिसेंबरात पोट दुखतंय म्हणून तपासून घ्यायला गेली आणि मार्चमध्ये संपली. मधल्या तीन महिन्यांत तिने त्याला एक अक्षर लिहू दिलं नव्हतं. “घरातलं दुखणं चव्हाट्यावर नको,” म्हणाली होती. त्यामुळे वाचणाऱ्यांना कशाचा पत्ता नव्हता. ती गेल्यावर नवव्या दिवशी त्याने दुकान उघडलं. दीड वाजता शटर अर्धं ओढलं आणि कॉम्प्युटर लावला. बरेच दिवस नवीन पान नाही म्हणून तिघांनी मेल केली होती. कळवायला हवं, असं त्याला वाटलं. सरळ एक ओळ. त्याने टाइप केलं, ‘खारूची आई’. यापुढचा शब्द त्याला माहीत होता. पण त्या दोन शब्दांनंतर गेली साडेतीन वर्षं बोटांना एकच शब्द टाइप करायची सवय होती, आणि तोच उमटला. ‘खारूची आई म्हणते’. तो त्या ओळीकडे बघत बसला. मग पुढे लिहिलं, ‘की मोज्यांचा जोड कधी एकत्र वाळत नाही, त्यांचं आपसात पटत नसणार.’ पान चढवलं आणि शटर वर केलं.

त्याला रडू आलं नाही. बरंही वाटलं नाही. काम झालं, एवढंच वाटलं. दुसऱ्या दिवशी दीड वाजता त्याने पुन्हा शटर ओढलं. असं चौदा महिने चाललं.

“अजून काय काय?” मुलीने विचारलं.

“काय म्हणजे?”

“मला तिच्याबद्दल जे जे आठवतं, त्यातलं काय खरं आणि काय इथलं? नवव्या-दहाव्या वर्षी मी हे सगळं वाचलेलं, बाबा. याच खुर्चीत बसून. मला कसं कळणार?” ती त्याच्याकडे वळून बसली. “मी विचारते, तू सांग. हिरवा स्वेटर. उलटा घालायची आणि दिवसभर लक्षात यायचं नाही.”

“खरं.”

“एकदा शिंकायला लागली की तीनदा शिंकायची.”

“खरं. चारदासुद्धा.”

“सायकल. मागून धरली होती आणि मला न सांगता सोडून दिली.”

डोळे तपासताना तो लोकांना असंच विचारायचा. एक काच घालायचा, मग दुसरी, हे बरं की हे? आणि काही माणसं खूप वेळ बघून म्हणायची, सारखंच आहे.

“सायकल दुसरीत घेतली,” तो म्हणाला.

“म्हणजे तू.”

“मी धरली होती. पण सोडली नव्हती. तू पडशील म्हणून शेवटपर्यंत धरूनच पळत होतो. लिहायला बसलो तेव्हा वाटलं, ती असती तर सोडली असती.”

मुलगी म्हणाली, “रडायचं असेल तर आधी पाणी पी, म्हणजे घसा दुखत नाही. हे ती म्हणायची.”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“ती म्हणाली होती की मी लिहिलं, ते आता मलाही सांगता यायचं नाही. असं बरंच आहे. मला वाटलं होतं, मला तरी फरक कळत राहील.”

“मी माझ्या वर्गातल्या मुलींना सांगते हे,” ती म्हणाली. “माझी आई म्हणायची, असं सांगून.”

तिने पर्स उचलली. शटरखालून जाताना तिचा खांदा पत्र्यावर आदळला. मोठा आवाज झाला, पण ती थांबली नाही. फोटो तिने उतरवून घेतलेच नव्हते. त्याने तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि अडीच वाजल्याचं लक्षात आल्यावर दुकान उघडलं.

सोमवारी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. दूर दुसऱ्या शहरात राहायची, एका कारखान्याच्या टपाल विभागात होती. मुलीने तिला फोन करून सगळं सांगितलं होतं.

“भाऊजी, पोरीने मला विचारलं, मावशी, तुला माहीत होतं का,” ती म्हणाली. “मी हो म्हणाले. आता माझ्याशीही बोलत नाही.”

“तुला माहीत होतं?”

“म्हणजे काय! ताईला पोहोचवून आले आणि पंधरा दिवसांनी ऑफिसात उघडून बघते, तर ताई मोज्यांबद्दल बोलतेय. मला वाटलं, या माणसाला वेड लागलं. इतकी चिडले की फोन करून तुमच्या सात पिढ्या उद्धरणार होते.”

“मग केला का नाहीस?”

“करणार होते. म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ती खारूच्या बाईंना काहीतरी बोललेली. अगदी ताईच. मग रोज जेवणाच्या सुट्टीत बघायला लागले, आज काय म्हणाली. डबा खाता खाता.” मावशीने श्वास घेतला. “आणि मग एक दिवस तुम्ही थांबवलंत. मे महिन्यात. पानं येत होती, पण त्यांच्यात ती नाही. आठवडाभर वाट बघितली. मग मला कळलं. मी तेव्हा रडले भाऊजी. आधी नव्हते रडले. आधी पाहुणे, चहा, फोन, यातच गेलं. चौदा महिन्यांनी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि सांगायचं कुणाला? बहीण कधी गेली म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते?”

“हो का,” तो म्हणाला.

“का थांबवलंत?”

“खारूचा दात पडला होता,” तो म्हणाला. “समोरचा. घेऊन दुकानात आली. मी लिहायला बसलो, खारूची आई म्हणते, आणि पुढे ती काय म्हणेल तेच येईना. तासभर बसलो. आतून माझाच आवाज यायला लागला होता.”

फोनवर मावशीच्या मागे कुठेतरी शिक्क्यांचा धप्प धप्प आवाज चालू होता.

“काढणार आहात ना ते सगळं?”

“हो.”

“काढा. पोरीचं बरोबर आहे. पण त्याआधी लोकांना एकदा सांगून टाका. ताई गेली हे कुठेच लिहिलेलं नाही, भाऊजी. तेवढं तरी लिहा तिच्यासाठी.”

मंगळवारी दुपारी त्याने पानं काढली. दोन हजार तीनशे सोळा होती. सगळी एकदम निवडली, कॉम्प्युटरने विचारलं, खात्री आहे? त्याने हो म्हटलं. चार सेकंद लागले असतील. त्याने परत एकदा आत डोकावून पाहिलं, काही शिल्लक नव्हतं. मग एकच नवीन पान बनवलं. काळी अक्षरं, पांढरा कागद. ‘खारूची आई वीस वर्षांपूर्वी, अकरा मार्चला वारली. त्यानंतर चौदा महिने इथे तिच्या नावाने जे लिहिलं ते मी लिहिलं. हे पान महिनाभर राहील. मग ही वेबसाइट बंद होईल.’ शब्दकोश काढून त्याने प्रत्येक वेलांटी तपासली. ‘वारली’ला तीनदा.

आपली पानं कोण वाचणार आता, असं त्याला वाटलं होतं. पण बारा वर्षांत साठलेल्या वाचकांच्या पत्त्यांवर त्याने तेच तीन-चार ओळींचं पत्र पाठवलं आणि उत्तरं यायला लागली. बरेचसे पत्ते मेलेले होते, पत्रं परत आली. तरी सत्तावन्न जणांनी लिहिलं. ‘आत्ताच कळलं, फार धक्का बसला.’ ‘आपल्या दुःखात सहभागी आहोत.’ वीस वर्षांपूर्वीच्या मरणाचा समाचार दुपारी दीड ते अडीच या वेळात, एकेक करून त्याच्याकडे येत राहिला. तो प्रत्येकाला उत्तर द्यायचा. ‘लिहिल्याबद्दल आभारी आहे.’ ती गेली तेव्हाही लोक घरी येऊन असंच बोलले असणार, पण त्यातलं एकही वाक्य त्याला आठवत नव्हतं. ही वाक्यं त्याने नीट वाचली.

एका बाईने लिहिलं होतं, ‘खारूच्या आई एकदा म्हणाल्या होत्या की मूल शाळेत सोडलं की मागे वळून बघायचं नाही, ते आपल्या पाठीकडे बघून रडतं आणि तोंडाकडे बघून जास्त रडतं. मी तीन मुलं शाळेत घातली, तिन्ही वेळा वळले नाही. ते त्या म्हणाल्या होत्या की तुम्ही?’ त्याने आठवून पाहिलं, पण पान आता नव्हतंच. ‘त्याच म्हणाल्या असतील,’ असं लिहिलं, मग ते खोडून ‘मला आठवत नाही’ असं पाठवलं.

एका गृहस्थांनी लिहिलं, ‘आम्हाला फसवलंत. माझी पत्नी त्याच वर्षी गेली. घरात हसणारी बाई असलेलं एक तरी घर आहे म्हणून मी तुमची पानं वाचत होतो.’ हे पत्र त्याने दोनदा वाचलं. पाण्याची बाटली उघडली, झाकण लावलं. मग लिहिलं, ‘आपलं म्हणणं बरोबर आहे.’ पाठवल्यावर आत कुठेतरी काहीतरी हललं, जुन्या गोठलेल्या ग्रीसमध्ये यंत्राचा दांडा हलावा तसं. पुन्हा थांबलं. बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं.

महिना झाला तशी त्याने शेवटचं पानही काढलं.

मुलगी पाच आठवडे आली नाही. सहाव्या आठवड्यात गुरुवारी तिचा फोन आला, आवाज कामाचा होता. दुसऱ्या कुणीतरी जुन्या वेबसाइटींच्या नकला साठवून ठेवलेल्या होत्या, त्यात ‘खारूचं घर’ची तीनशे पानं होती आणि नववी ब आता तिथून वाचत होती. काढायचा अर्ज तिने भरला होता. पण मालकाने मंजुरी द्यायला हवी होती, आणि वेबसाइटच्या मेलवर एक आकडा येणार होता.

“तो मला वाचून दाखव,” ती म्हणाली.

“मेल शनिवारपर्यंत चालू आहे. मग तीही बंद.”

“मग मी शनिवारी सकाळीच येते. तिथूनच करू.”

ती आली. दोघं आतल्या टेबलाशी शेजारी शेजारी बसली. अर्जात तिने कारण लिहिलं होतं, ‘मजकूर माझ्या बालपणाविषयी असून माझ्या संमतीशिवाय प्रसिद्ध झालेला आहे.’ वडिलांनी ते वाचलं आणि मंजुरी दिली. आकडा आला, त्याने वाचला, तिने भरला. आठ दिवसांत काढू, असं उत्तर आलं. काम दहा मिनिटांत उरकलं. पण ती उठली नाही.

“शाळेत काय म्हणतात?” त्याने विचारलं.

“कंटाळले. इतिहासाच्या सरांचा लग्नातला नाच सापडलाय आता त्यांना.” ती कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत होती. “बाबा, ते चौदा महिने. खरे कसे होते?”

“म्हणजे?”

“तू लिहिलंस ते सोड. झालं काय होतं? मी काय करायचे? रोज आईबद्दल विचारायचे, हे वाचलंय मी. खारूने आईला विचारलं, खारू आईला म्हणाली.”

त्याने हात मांडीवर ठेवले. कोणी विचारेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“नाही विचारायचीस,” तो म्हणाला. “एकदासुद्धा नाही. तेही मीच लिहायचो.”

“एकदाही नाही?”

“पहिल्या दिवशी मी तुला सांगितलं. तू बरं म्हणालीस. मग कधी विषय काढला नाहीस. मला वाटलं, तुला कळलं नसेल. मग वाटलं, कळलं असेल. विचारायची भीती वाटली.” तो थांबला. इतकं सलग तो बऱ्याच वर्षांत बोलला नव्हता आणि पुढचं वाक्य शोधायला वेळ लागत होता. “सकाळी मी भात लावायचो. एकदा लागला, तर तू तसाच खाल्लास. तुझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या. शाळेतून चिठ्ठी आली, मला काय करायचं ते कळेना, म्हणून केस कापले. फोटो नंतर आला. दुपारी तुला शाळेतून आणून इथे ठेवायचो. तू यायचीस आणि जायचीस, बोलायची नाहीस. मी पण नाही.”

“मग बसून काय करायचे?”

“तुला चष्म्याच्या रिकाम्या डब्या द्यायचो. तू त्या जमिनीवर लावत बसायचीस. सगळ्या काढायच्या, सगळ्या लावायच्या. रंगाने.”

मुलगी जमिनीकडे बघत होती. टेबल आणि भिंत यांच्यात हातभर जागा होती, तिथे आता कॉम्प्युटरची वायर गुंडाळून ठेवलेली होती.

“रंगाने नाही,” ती म्हणाली.

“हं?”

“रंगाने नाही बाबा. आकाराने. मोठ्या खाली, त्यावर लहान. तू यंत्र चालू केलंस की जमीन हलायची आणि सगळ्यात वरची पडायची. मग तू यंत्र थांबवायचास. मी ती परत ठेवायचे. मग तू पुन्हा चालू करायचास.”

त्याने डोळे मिटून पाहिलं. यंत्र थांबवल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग आठवलं. पायाने बटण दाबल्याचं, आणि मान न वळवता मागे प्लास्टिकवर प्लास्टिक बसल्याचा टिक असा आवाज येईपर्यंत थांबल्याचं. हे त्याने कुठेच लिहिलं नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “आकाराने.”